यंत्राशी खेळलेला डाव

उन्हाळ्याची सुटी लागली आहे. अमळनेरला बोरी नदीचे पात्र कोरडे पडले आहे, भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरूही नाही, आणि एका घराच्या ओटीवर सातवीत शिकणारा एक मुलगा वडिलांचा मोबाइल फोन हाती धरून बुद्धिबळ खेळत बसला आहे, अशी कल्पना करा. एकाएकी तो ओरडतो, ''जिंकलो! आजोबा, मी यंत्रावर मात केली!''

आजोबा आतल्या खोलीतून बाहेर येतात. कापडी पटावर त्यांनीच या नातवाला घोड्याची अडीच घरांची चाल शिकविलेली आहे. ते चष्मा पुसतात आणि एवढेच विचारतात, ''कोणत्या बोलीवर खेळलास?''

मुलगा थोडा घोटाळतो. मग सांगू लागतो. यंत्राची सर्वांत खालची पायरी त्याने निवडली होती. डाव चालू असताना तीन वेळा चाल परत घेतली होती. आणि एकदा, फक्त एकदाच, कोणती चाल करावी हे त्याने यंत्रालाच विचारले होते.

''मग डाव कोणी जिंकला?'' आजोबा विचारतात.

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ज्या गावी आपण हा प्रसंग कल्पिला, त्या गावाला तो विचारण्याचा विशेष अधिकार आहे असे मला वाटते. अमळनेरला 1916 साली श्रीमंत प्रतापशेठ यांच्या आश्रयाने तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. मनुष्याची बुद्धी म्हणजे काय, ज्ञान कशाला म्हणावे, अशा प्रश्नांचा अभ्यास करण्यासाठीच ती संस्था उभी राहिली. याच गावात 29 डिसेंबर 1945 रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' नावाची कंपनी काढली. तेथे तेल आणि वनस्पती तूप तयार होई. पुढे 1980 नंतरच्या वर्षांत हीच कंपनी संगणक तयार करू लागली आणि 'विप्रो' या नावाने जगभर ओळखली जाऊ लागली. तेलाच्या घाण्यापासून गणकयंत्रापर्यंतचा असा प्रवास केलेली कंपनी ज्या गावात जन्मली, तेथील मुलाने यंत्राशी डाव मांडावा यात नवल ते काय?

आता त्या मुलाची बाजू क्षणभर ठेवून देऊ आणि समोर बसलेला प्रतिस्पर्धी कसा खेळतो ते पाहू.

बुद्धिबळाच्या पटावर 64 घरे आणि 32 मोहरे असतात. डावाच्या आरंभी पांढऱ्याला 20 चाली करता येतात : आठ प्याद्यांच्या प्रत्येकी दोन आणि दोन घोड्यांच्या प्रत्येकी दोन. काळ्यालाही तितक्याच. म्हणजे दोघांची एकेक चाल होताच पटावर 400 निरनिराळ्या रचना संभवतात. डाव रंगात आला म्हणजे एका वेळी सरासरी 30 चाली तरी शक्य असतात असे धरू. मग आपली एक चाल आणि प्रतिपक्षाचे एक उत्तर मिळून 900 शक्यता झाल्या. दोघांच्या दोन-दोन चालींच्या 8,10,000 झाल्या. तीन-तीन चालींच्या 72 कोटी 90 लाख. चार-चार चालींच्या 65,610 कोटी! क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने 1950 साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात असा अंदाज केला होता की, बुद्धिबळाचे जितके डाव संभवतात त्यांची संख्या एकावर 120 शून्ये मांडल्यावर होते तितकी असावी. इतके डाव मोजून संपविणे कोणत्याही यंत्राला कधीही शक्य नाही.

मग यंत्र काय करते? ते शेवटपर्यंत पाहत नाही. काही अंतरापर्यंतच पाहते. प्रत्येक शक्य चाल, तिची सर्व उत्तरे, त्या उत्तरांची उत्तरे, असे करत ते पुढे जाते आणि एका ठिकाणी थांबून हिशेब मांडते. प्याद्याचा 1 गुण, घोड्याचे आणि उंटाचे साधारण 3, हत्तीचे 5, वजिराचे 9. याशिवाय राजा सुरक्षित आहे काय, पटाचा मध्यभाग कोणाच्या ताब्यात आहे, प्यादी एकमेकांना आधार देतात काय, याचेही गुण असतात. ज्या वाटेने गेल्यास, प्रतिपक्षाने उत्तमातले उत्तम उत्तर देऊनही, आपले गुण जास्तीत जास्त उरतात, त्या वाटेची पहिली चाल यंत्र करते.

परंतु केवळ वेग पुरेसा नसतो. 'डीप ब्लू' नावाचे एक विख्यात यंत्र एका सेकंदात सुमारे 20 कोटी रचना तपाशीत असे. इतक्या वेगानेही वरच्या 65,610 कोटी रचना पाहावयाच्या तर जवळजवळ पंचावन्न मिनिटे लागतील. सामन्यात एका चालीला सरासरी दोनतीन मिनिटेच मिळतात! म्हणून यंत्राला छाटणी शिकवावी लागते. बैलबाजारात बैल पारखणारा शेतकरी कसा वागतो पाहा. बैल चार पावले चालला आणि लंगडतो असे दिसले, की तो त्याचे दात मोजत बसत नाही. दुसऱ्या बैलाकडे वळतो. त्याचप्रमाणे एखाद्या चालीला प्रतिपक्षाचे एक जरी जबर उत्तर सापडले, आणि हाती आधीच त्याहून चांगली चाल असली, की त्या वाईट चालीची इतर उत्तरे तपासण्याचे कारणच राहत नाही. ही छाटणी चांगली साधली, तर तेवढ्याच वेळात यंत्राला जवळजवळ दुप्पट दूरवर पाहता येते. युक्ती साधी आहे, पण तिनेच यंत्राला बळ दिले.

या पाहण्याला एक खोड मात्र होती. रात्री कंदील घेऊन शेताच्या बांधावरून चालणाऱ्या माणसाला उजेड पडेल तितकेच दिसते. उजेडाच्या पलीकडे विहीर असली तरी त्याला ती नाही. जुन्या यंत्रांची गत अशीच होई. आपला हत्ती मरणार हे दिसताच यंत्र एखादे प्यादे उगाच बळी देई, मग आणखी एक. त्यामुळे हत्तीचे मरण दोनचार चाली पुढे, म्हणजे उजेडाच्या बाहेर ढकलले जाई आणि संकट टळले अशी त्याची समजूत होई. प्यादी तर जातच, आणि शेवटी हत्तीही जाई.

या खोडीवर बोट ठेवूनच पूर्वी माणसे यंत्रांना हरवीत. पहिला नोंदलेला सामना तर मोठा गमतीचा आहे. इंग्लंडमधील थोर गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी बुद्धिबळ खेळण्याची एक आज्ञावली, म्हणजे यंत्राने पाळावयाच्या नियमांची मालिका, लिहिली होती; परंतु ती चालवू शकेल असे यंत्र त्यांच्यापाशी नव्हते. म्हणून 1952 साली ते स्वतःच कागद-पेन्सिल घेऊन यंत्र बनले. आपल्याला कोणती चाल बरी वाटते याचा विचार न करता, नियम जे सांगतील ते हिशेब करून खेळावयाचे! एकेका चालीला अर्धा अर्धा तास लागे. समोर ॲलिक ग्लेनी नावाचे त्यांचे सहकारी होते. ते काही नामांकित खेळाडू नव्हते. तरी 29 व्या चालीला ग्लेनी जिंकले. आरंभीच्या काळात हौशी खेळाडूने 'यंत्रा'ला रास्त रीतीने हरविले, याचे हे उत्तम उदाहरण होय.

पुढे 1968 साली स्कॉटलंडचे डेव्हिड लेव्ही यांनी पैज लावली की, दहा वर्षांत कोणतेही यंत्र मला सामन्यात हरवू शकणार नाही. लेव्ही चांगले तयारीचे खेळाडू होते, पण जगज्जेत्यांच्या पंक्तीतले नव्हते. 1978 मध्ये कॅनडातील टोरांटो शहरी 'चेस 4.7' या आज्ञावलीशी त्यांचा सामना झाला. लेव्हींची रीत पाहण्यासारखी आहे. यंत्राला मारामारीत गाठावयाचे नाही, कारण तेथे हिशेब लागतो आणि हिशेबात ते चुकत नाही. प्यादी एकमेकांत अडकवून पट बंद ठेवावयाचा, घाई करावयाची नाही, आणि काही करण्यासारखे न उरल्यामुळे यंत्राने आपण होऊन आपली मांडणी बिघडवावी याची वाट पाहावयाची. एका डावात त्यांनी मुद्दाम झोंबाझोंबीचा खेळ केला. तो डाव ते हरले. सामना मात्र त्यांनी साडेतीन विरुद्ध दीड गुणांनी जिंकला. अकरा वर्षांनी, 1989 मध्ये, 'डीप थॉट' नावाच्या यंत्राशी त्यांनी पुन्हा चार डाव मांडले आणि चारही गमावले. एका माणसाच्या हयातीत वारे कसे फिरले ते यावरून दिसते.

त्यानंतरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. जगज्जेते गॅरी कास्पारोव्ह यांनी 1996 मध्ये 'डीप ब्लू'ला 4-2 असे हरविले. पण 1997 च्या मे महिन्यात न्यूयॉर्क येथे सहा डावांच्या सामन्यात यंत्राने त्यांना साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरविले. शेवटचा डाव तर अवघ्या 19 चालींत संपला. कास्पारोव्ह यांनी बोलीविषयी कुरकुर केली. यंत्राच्या कर्त्यांना दोन डावांच्या मधल्या काळात आज्ञावली सुधारण्याची मुभा होती. यंत्राचे मागील डाव अभ्यासावयास मिळाले नव्हते. आणि पुन्हा सामना खेळण्याची त्यांची मागणी कंपनीने मान्य केली नाही. माझ्या मते यंत्र जिंकले हे खरे आहे, परंतु कास्पारोव्ह यांची कुरकुरही अगदीच पोकळ नव्हती. ज्याला प्रतिस्पर्ध्याचे पूर्वीचे डाव पाहावयास मिळत नाहीत, तो एक डोळा झाकून खेळतो.

आज कास्पारोव्ह यांना हरविणाऱ्या त्या कपाटाएवढ्या यंत्राहून प्रबळ खेळाडू आपल्या कल्पनेतल्या मुलाच्या हातातील फोनमध्ये आहे. बुद्धिबळ खेळणाऱ्या अशा आज्ञावलीला 'इंजिन' म्हणतात. 2008 साली निघालेले 'स्टॉकफिश' हे इंजिन कोणालाही फुकट मिळते. 2017 मध्ये 'अल्फाझीरो' नावाच्या आज्ञावलीने नवीनच वाट दाखविली : तिला गुणांचा हिशेब कोणी शिकविला नाही, केवळ नियम सांगितले, आणि ती स्वतःशीच लक्षावधी डाव खेळून काही तासांत सर्वांच्या पुढे गेली. ती विद्या इतर इंजिनांनीही उचलली. शिवाय पटावर सात किंवा त्याहून कमी मोहरे उरले म्हणजे काय करावे, याचे अचूक कोष्टकच आता तयार आहे. तेथे विचार करण्याचे कामच उरत नाही. पाढ्यासारखे उत्तर पाहावयाचे.

खेळाडूंचे बळ मोजण्यासाठी मानांकन देतात. दोघांत 400 गुणांचे अंतर असेल, तर वरच्याला दहा वाट्यांस खालच्याला एक वाटा गुण मिळावेत असा त्याचा हिशेब आहे. मनुष्यांत आजवरचे सर्वांत मोठे मानांकन 2882. ते नॉर्वेचे मॅग्नस कार्लसन यांनी 2014 मध्ये मिळविले. इंजिनांच्या आपसांतील यादीत अग्रभागी असलेल्यांचे मानांकन 3500 च्याही वर आहे. दोन्ही याद्या एकाच मापाने मोजलेल्या नाहीत, हे ध्यानी ठेवून एक ढोबळ गणित करू. गावातील हौशी खेळाडू 1500 चा धरला, तर अंतर 2000 झाले, म्हणजे पाच वेळा 400. दर 400 ला दहापट. दहा गुणिले दहा असे पाच वेळा केले की एक लाख. लाख वाट्यांस एक वाटा! रोज एक डाव खेळला तरी लाख डावांना पावणेतीनशे वर्षे लागतील.

तेव्हा सरळ सांगावयाचे तर, समान मोहरे, समान वेळ आणि यंत्राचे पूर्ण बळ, या बोलीवर हौशी माणूस इंजिनाला हरवू शकत नाही. जगज्जेताही हरवू शकत नाही. यंत्र दमत नाही, त्याला भूक लागत नाही, मागचा डाव गमावल्याचे शल्य त्याच्या मनात सलत नाही. 2006 साली जर्मनीतील बॉन शहरी त्या वेळचे जगज्जेते व्लादिमिर क्रामनिक 'डीप फ्रिट्झ' या इंजिनाशी खेळत होते. एका डावात त्यांची स्थिती मुळीच वाईट नव्हती. पण पुढच्याच चालीला आपल्यावर मात होत आहे हे त्यांच्या नजरेतून निसटले, आणि डाव गेला. शाळेतले मूल जी चूक करते ती जगज्जेत्याच्या हातून झाली. यंत्राकडून मात्र तशी चूक होत नाही.

मग आपल्या कल्पनेतल्या मुलाने यंत्राशी खेळूच नये काय? येथे आजोबांचा प्रश्न पुन्हा आठवतो. बोली कोणती?

कुस्तीच्या फडात जोड पाहून कुस्ती लावतात. पंधरा वर्षांच्या पोराला नावाजलेल्या मल्लासमोर उभे करून कोणी बक्षीस ठेवीत नाही. बुद्धिबळातही जोड जमत नसेल, तर बलवान खेळाडूने एखादा मोहरा कमी घेऊन खेळावयाचे, ही रीत फार जुनी आहे. कोणी प्यादे कमी घेई, कोणी घोडा, कोणी हत्ती. नवशिक्याशी खेळताना वजीरसुद्धा. यंत्राशीही असे डाव झाले आहेत. 2016 च्या जानेवारीत अमेरिकेचे ग्रँडमास्टर हिकारू नाकामुरा आणि 'कोमोडो' इंजिन यांच्यात चार डावांचा सामना झाला. प्रत्येक डावात नाकामुरांना काही ना काही सवलत होती. तीन डाव बरोबरीत सुटले आणि चौथा यंत्राने घेतला. जगातल्या अव्वल दहांत गणल्या जाणाऱ्या माणसाला सवलत घेऊनही हे साधले नाही! उणे मोहऱ्यांनी खेळण्यासाठी खास शिकविलेली इंजिनेही आता निघाली आहेत आणि ती घोडा न घेता भल्याभल्यांना नमवितात. तरीही सर्वसाधारण इंजिनाने वजीर काढून ठेवला आणि समोर सावध, चिकाटीचा हौशी खेळाडू असला, तर तो जिंकू शकतो. तो विजय रास्त असतो, कारण सवलत आधी ठरलेली असते आणि दोघांनाही ठाऊक असते. त्याने 'मी यंत्राला हरविले' असे न म्हणता 'वजीर कमी असलेल्या यंत्राला हरविले' असे म्हटले, की झाले.

खालची पायरी निवडणे हीदेखील एक सवलतच. परंतु तिच्यात एक फसवे अंग आहे. खालच्या पायरीवर यंत्र कमी विचार करते, किंवा मधूनमधून मुद्दाम वाईट चाल करते. आजोबा नातवाशी पंजा लढविताना हात हळूच खाली घेतात, तशातला हा प्रकार. नातवाला आनंद होतो आणि होऊ द्यावा. पण त्यावरून आपले दंड किती भरले ते त्याला कळत नाही. मोहरा कमी घेतलेले यंत्र मात्र आपल्या पूर्ण शक्तीनिशी झुंजते. शिकावयाचे असेल तर मला दुसरी बोली अधिक पसंत आहे.

आणखी एका युक्तीविषयी सांगितले पाहिजे. काही जुनी यंत्रे त्याच चालीला नेहमी तेच उत्तर देत. एखाद्याने पुष्कळ खटपटीनंतर एक डाव जिंकला, की तो त्याच चाली पुन्हापुन्हा करून हवे तितके डाव जिंकू शकत असे. हे रास्त की गैर? नियम मोडला नाही, हे खरे. पण पहिला डाव त्याने बुद्धीने जिंकला, बाकीचे नुसत्या पाठांतराने. पहिल्याचे कौतुक करावे आणि बाकीचे मोजू नयेत, असे मी म्हणेन. तुमचे मत निराळे असू शकेल.

याच्याशी मिळताजुळता, पण कितीतरी मोठा पराक्रम 2023 मध्ये 'गो' या खेळात घडला. गो हा चीन, जपान व कोरिया या देशांतला पुरातन खेळ. 19 आडव्या आणि 19 उभ्या रेघांच्या पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या मांडून प्रतिपक्षाला वेढावयाचे. त्यातही यंत्रांनी माणसाला मागे टाकले आहे. तरी अमेरिकेतील केलिन पेलरिन या हौशी खेळाडूने एका बलाढ्य यंत्राशी 15 डाव खेळून त्यांपैकी 14 जिंकले, आणि डाव चालू असताना त्याने कोणाचीही मदत घेतली नाही. यंत्राला एका विशिष्ट प्रकारचा विस्तीर्ण वेढा ओळखताच येत नव्हता. पटाच्या दुसऱ्या कोपऱ्यात त्याचे लक्ष गुंतवून पेलरिन सावकाश तो वेढा पुरा करीत असे. मात्र ही उणीव त्याने स्वतः शोधलेली नव्हती. दुसऱ्या एका आज्ञावलीने दहा लाखांहून अधिक डाव खेळून ती हुडकली होती, आणि ही गोष्ट त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी उघडपणे सांगितली. म्हणून त्या विजयाला कोणी नाव ठेवीत नाही.

उघडपणे सांगितले, हे शब्द महत्त्वाचे आहेत. 2005 साली इंटरनेटवर एक स्पर्धा झाली. तिची बोलीच अशी होती की, कोणीही कितीही यंत्रांची मदत घ्यावी. ग्रँडमास्टर आणि प्रबळ यंत्रे बाळगणारे संघ उतरले होते. जिंकले कोण? अमेरिकेतील दोन साधे हौशी खेळाडू! त्यांच्यापाशी तीन सामान्य संगणक होते. पण कोणत्या वेळी कोणत्या यंत्राला काय विचारावे आणि त्यांचे एकमत नसेल तेव्हा कोणाचे ऐकावे, हे त्यांना उत्तम साधले होते. पुढे इंजिने इतकी प्रबळ झाली की माणसाच्या सल्ल्याने त्यांच्या खेळात फारशी भर पडेनाशी झाली. परंतु त्या वर्षी त्या दोघांनी मिळविलेले यश निर्मळ होते.

आता दुसरी बाजू पाहा. 2006 सालीच दिल्लीच्या एका स्पर्धेत एका खेळाडूच्या टोपीत बिनतारी संदेश ऐकण्याचे उपकरण शिवलेले सापडले. बाहेरचा साथीदार संगणकाला विचारून चाली सांगत होता. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाने त्या खेळाडूवर दहा वर्षांची बंदी घातली. 2021 च्या जूनमध्ये करोनाग्रस्तांच्या मदतीसाठी विश्वनाथन आनंद यांनी काही हौशी मंडळींशी इंटरनेटवर एकाच वेळी डाव खेळले. त्यांत एका तरुण उद्योजकाने पाच वेळा जगज्जेते झालेल्या आनंद यांना चक्क हरविले! दुसऱ्याच दिवशी त्याने कबूल केले की, आपण संगणकाची व जाणकारांची मदत घेतली होती, आणि क्षमा मागितली. डाव धर्मादाय कार्यासाठी होता, गंमतीचा होता, असे तो म्हणाला असेल. पण आनंद मात्र खरे खेळत होते.

येथे मला एक जुने यंत्र आठवते. 1770 साली व्हिएन्ना येथे सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्या दरबारात व्होल्फगांग फॉन केंपेलेन याने तुर्की पोशाखातला एक लाकडी पुतळा आणला. तो पुतळा म्हणे आपोआप बुद्धिबळ खेळे. 1809 मध्ये नेपोलियनही त्याच्याशी खेळला. चौऱ्याऐंशी वर्षे लोक चकित होत राहिले. 1854 मध्ये फिलाडेल्फिया येथे तो आगीत जळाला. खरी गोष्ट ही की, पुतळ्यासमोरच्या पेटीत एक निष्णात खेळाडू दडून बसलेला असे. त्या काळी यंत्राच्या पोटात माणूस लपत होता. आता माणसाच्या टोपीत यंत्र लपते. लबाडी मात्र तीच.

चाल परत घेणे आणि सूचना विचारणे हे आपल्या मुलाने केले. त्याने कोणाला फसविले नाही; विचारताच सारे सांगून टाकले. त्याला लबाड कोण म्हणेल? शिकताना चाल परत घ्यावी, यंत्राला विचारावे. त्यासाठीच तर ते आहे. 2024 मध्ये अठराव्या वर्षी जगज्जेता झालेला डी. गुकेश, किंवा 2025 च्या जुलैमध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झालेली आपल्या नागपूरची दिव्या देशमुख, यांची पिढी इंजिनाच्या सहवासातच वाढली. डाव संपल्यावर, कोठे चुकलो हे ती त्याच्याकडून जाणून घेते. सामन्याच्या वेळी मात्र फोन खेळाच्या दालनाबाहेर ठेवावा लागतो. शिकवणी आणि परीक्षा यांत जो भेद आहे तोच येथेही आहे. मुलाची चूक एवढीच की, शिकवणीच्या वहीवर त्याने परीक्षेचे गुण लिहिले.

दुपार कलली आहे. आपल्या कल्पनेतला मुलगा कागद घेऊन बसला आहे आणि आजोबा सांगतील तसे लिहितो आहे. यंत्राची सर्वांत वरची पायरी. यंत्राला वजीर नाही. प्रत्येकी अर्धा तास. चाल परत घ्यावयाची नाही. सूचना विचारावयाची नाही. कागदाखाली तो तारीख घालतो आणि डाव मांडतो.

पहिला डाव तो हरतो. वजीर नसताही यंत्राचे दोन घोडे त्याच्या राजाभोवती असे काही नाचतात की त्याला कळतही नाही. दुसराही हरतो, पण उशिरा. तिसऱ्या डावात तो मारामारी टाळतो, संधी मिळेल तेथे मोहऱ्याला मोहरा देऊन पट रिकामा करीत जातो. कारण मोहरे कमी झाले म्हणजे जास्तीच्या वजिराचे बळ वाढत जाते, हे त्याचे त्यालाच उमगले आहे. घड्याळात चार मिनिटे उरलेली असताना त्याचा वजीर आणि हत्ती यंत्राच्या राजाला पटाच्या कडेला नेऊन पोहोचवितात.

या खेपेस तो ओरडत नाही. कागद पुढे करतो. आजोबा तो वाचतात, खिशातले पेन काढून खाली लिहितात, 'तीन डाव : हार, हार, जीत,' आणि कापडी पट पसरतात.

''आता पहिला डाव मांड,'' ते म्हणतात. ''तो घोडा आत शिरला, तेव्हा तू कोठे पाहत होतास?''